मशीन उष्टं करायचं नाही

रस्त्यात दुधाची डेअरी दिसली की मी आजही थांबतो आणि आत डोकावून विचारतो, "सकाळचं पहिलं दूध मशीनमधून ओढून फेकून देता का रे?" आतली पोरं एकमेकांकडं बघतात. "देतो की काका, बादलीत." मग मी पुढं जातो. त्यांना वाटतं, हा माणूस जरा सरकलेला आहे. वाटू दे. मला तेवढं ऐकल्याशिवाय पाऊल उचलवत नाही, आणि ऐकल्यावरही डोकं थंड व्हायला वेळ लागतो.

मी मूळचा कोकणातला, समुद्राकाठचा. नववीत शाळा सुटली. वडिलांनी अंथरूण धरलं होतं आणि घरात मोठा मी. गावातला एकजण जालन्याला लोखंडाच्या मिलमध्ये होता, त्याच्या मागं आलो. भट्टीसमोर मला उभं राहवेना. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भोवळ येऊन पडलो आणि मुकादमानं हाताला धरून फाटकाबाहेर बसवलं. आता परत कुठल्या तोंडानं जायचं, याच विचारात बसलो होतो. त्या फाटकासमोर मिलचा काटा दुरुस्त करायला आलेले एक शेठजी स्कूटरला किक मारत होते. मला बघून म्हणाले, "काय येतं तुला?" मी म्हटलं, "काही नाही." ते हसले. "सच बोलतो. बस मागं."

शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले. शेठजींचा जन्म जालन्याचा. बोलणं मराठीत, राग आला की हिंदीत आणि फार राग आला की मारवाडीत. त्यांचं वजनकाट्यांचं दुकान होतं. पुढं काळ बदलला तसे ते काट्याला कॉम्प्युटर जोडून द्यायला लागले. मला दुकानाच्या पोटमाळ्यावर जागा दिली, दोन्ही वेळचं ताट भाभीजी पाठवायच्या. मला कावीळ झाली तेव्हा त्या बाईंनी मला स्वतःच्या घरात झोपवलं आणि सगळी पथ्यं हातानं करून घातली. हे मी विसरलो तर माझ्यासारखा हलकट मीच. म्हणूनच पुढचं सांगताना मला त्रास होतो.

शेठजींनी मला सगळं शिकवलं, पण त्यातली एकच गोष्ट ते रोज म्हणायचे: "डब्बा डब्बा मत देख. पूरा देख." डेअरीचा सेट आला की तो दुकानाच्या फरशीवर पूर्ण मांडायचा. दूध तोलायचा काटा, दुधातली फॅट मोजायचं मशीन, कॉम्प्युटर, चिठ्ठी छापणारा प्रिंटर, लोकांना दिसावा म्हणून लाल आकड्यांचा बोर्ड, आणि लाईट गेली तर बॅटरी. सगळं एकमेकांना जोडायचं. मग गवळ्याकडून खरं दूध आणायचं, काट्यावर ठेवायचं, मशीनला पाजायचं, चिठ्ठी निघते का बघायचं. मध्येच वायर ओढून लाईट घालवायची. परत सुरू करायचं. मला स्वभावानंच धास्ती, त्यामुळं मी हे सारखं सारखं करत बसायचो आणि शेठजींना ते आवडायचं. ते म्हणायचे, "एकेक सून चांगलीच असते बेटा. एका चुलीवर आल्यावर बघायचं."

ज्या गावात हे घडलं ते हसनाबादच्या पुढं, आत फुफाट्याच्या रस्त्यानं गेलं की लागतं. नाव सांगत नाही. दोन हजार साल उलटून गेलं होतं. गावच्या डेअरीनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, उद्घाटनाला मोठा पाहुणा ठरला, तारीख ठरली आणि मग सेटची ऑर्डर दिली. त्यामुळं माल कंपनीकडून थेट गावातच उतरला. दुकानाच्या फरशीवर तो मांडलाच नाही. कंपनीचा इंजिनिअर गाडीतून आला, प्रत्येक डब्याला आपलं यंत्र लावून बघितलं, सगळे पास आहेत म्हणाला आणि उन्हाच्या आत निघून गेला. त्यानं त्याचं काम नीट केलं. डबे पासच होते.

जोडणी करायला मी तिथं राहिलो. झोपायला डेअरीतच, जेवायला समोरच्या घरी. त्या घरातली बाई, मी त्यांना मावशी म्हणायचो, एकटीच्या जिवावर एक म्हैस सांभाळून होती. त्यांचा नवरा भोकरदनला कुणाच्या ट्रकवर. बाजरीची भाकरी, ठेचा, गाडगंभर ताक. मी संकोचून कमी खायचो तर त्या चुलीपुढून म्हणायच्या, "लाजून राह्यला का? घे अजून. तुमच्याकडं म्हशी मासे खात्यात का रे पोरा?"

"नाही हो मावशी."

"मंग दुधाला वास कशाचा येतो?"

"येत नाही वास."

"तू सांगतो म्हणून खरं धरते." आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. घर सोडल्यापासून माझी अशी चेष्टा कुणी केली नव्हती. 

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सगळं जोडून झालं. आता पूर्ण सेट एकदा चालवून बघायचा, तेवढंच बाकी. त्यासाठी दूध हवं. मी चेअरमनकडं गेलो. गाव त्यांना आबा म्हणायचं.

"आबा, थोडं दूध मिळेल का? टेस्टिंगला."

"कशाला?"

"मशीनला पाजून बघतो."

आबांनी सुपारी कातरायची थांबवली. "मुहूर्ताच्या आधी? येडा का खुळा? कोरं मशीन हाय ते. पूजा न्हाई, नारळ न्हाई, अन् तू त्याला दूध लावून राह्यला? उष्टं करतो का?"

"टेस्टिंग आहे आबा. उष्टं कसं होईल?"

"तुमच्या कोकणात करत असतील. आमच्यात नव्या परातीतसुद्धा नैवेद्याआधी कुणी जेवत न्हाई. पाण्यानं कर काय करायचं ते."

मी पाण्यानं केलं. पाण्याची फॅट शून्य. मशीननं शून्य दाखवलं, कॉम्प्युटरनं शून्य घेतलं, प्रिंटरनं शून्य छापलं, बाहेर बोर्डावर लाल शून्य लागलं. आबा मागं हात बांधून बघत होते. म्हणाले, "बघ, बिलकुल बराबर हाय." शून्य बरोबर आलं म्हणजे म्हशीच्या दुधाला सात बरोबर येईल असं थोडंच असतं? आणि मशीनच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं, चित्र काढून: पाण्यानं धुतल्यावर नळीत पाणी राहतं, म्हणून आधी थोडं दूध ओढून फेकून द्या, मग मोजायला घ्या. संध्याकाळी शेठजी जीप घेऊन आले तेव्हा मी त्यांना आबांसमोरच पुस्तक उघडून दाखवलं.

शेठजींनी वाचलं. आबांकडं बघितलं. पुस्तक मिटलं.

"बेटा, ग्राहक म्हणतो तसं करायचं."

"पण शेठजी, तुम्हीच तर म्हणता, पूरा देख..."

"यहाँ नहीं," ते म्हणाले.

एवढंच. दुकानाच्या फरशीवर जो माणूस मला एक वायर राहिली तर जेवू देत नसे, तो असं म्हणाला. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मी जाऊन सगळे प्लग परत परत दाबून आलो.

सकाळी डेअरीला आंब्याची पानं बांधली होती, पुढं छोटा मांडव घातला होता. बाया-माणसं किटल्या, बादल्या घेऊन रांगेत. पाहुणा यायला उशीर. दूध उन्हात तापायला लागलं तसं लोकांनी पदर, टॉवेल ओले करून किटल्यांवर टाकले. आबा मात्र रस्त्याकडं डोळे लावून. पाहुणा आल्यावर पूजा झाली. भटजींनी प्रत्येक डब्याला हळद-कुंकू लावलं, काट्याला, कॉम्प्युटरला, आणि मशीनच्या दूध ओढायच्या नळीच्या तोंडालाही. कुंकू आत जाईल म्हणून मी पुढं होऊन नळी परत कोमट पाण्यानं धुतली. म्हणजे नळी परत पाण्यानं भरली. मी आबांच्या कानाशी म्हटलं, "आता पूजा झाली. आता एक तांब्या दूध ओढून टाकू द्या." ते पाहुण्याकडं बघत हसत होते. तसंच हसत त्यांनी मला कोपरानं मागं सारलं.

रोजची रीत अशी की पहिली किटली आबांच्या घरची. पण पाहुण्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "पहिलं दूध आपण एका भगिनीच्या हातून घेऊ." टाळ्या पडल्या. पुढंच मावशी उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. आबा म्हणाले, "चल, घाल." त्यांनी किटली काट्यावर ठेवली, माझ्याकडं बघून जरा हसल्या. वाटीभर नमुना मशीनखाली गेला. बाकीचं दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं गेलं.

बोर्डावर आकडा लागला. म्हशीच्या दुधाला सहाच्या वर, सातच्या आसपास लागायला हवा. लागला तीन आणि वर काहीतरी.

"कमी दिसतंय," पाहुणा म्हणाला. मग माईकमध्येच, "ताई, हे म्हशीचं आहे का नळाचं?"

सगळा मांडव हसला.

आणि आबांना त्या हसण्यात संधी दिसली. त्यांनी माईक घेतला. "बघा साहेब! पहिल्याच किटलीला चोरी धरली मशीननं! आता या गावात कुणाचं पाणी चालायचं न्हाई!"

टाळ्या. हसण्यापेक्षा त्या टाळ्या मला जास्त लागल्या. एका बाईला सगळ्या गावासमोर चोर ठरवून मशीन चांगलं असल्याचा पुरावा दिला होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. ज्यांच्या किटल्या मागं होत्या तेसुद्धा.

मी ओरडलो. मला ओरडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. "नळीत पाणी आहे! मशीनमध्येच पाणी आहे! त्याला दूध पाजलंच नाही अजून!" शेठजींनी माझं मनगट धरलं. "बेटा, चूप." मी परत ओरडलो. रांगेतला एकजण म्हणाला, "कोण हाय रे हे?" दुसरा म्हणाला, "काटेवाल्याचा पोरगा. परगावचा. त्या बाईकडंच जेवतो." "मंग बरोबर हाय," पहिला म्हणाला, आणि त्याच्या भोवतीचे परत हसले.

शेठजींनी मनगट सोडलं नाही. ज्या हातानं त्यांनी मला स्कूटरवर बसवलं होतं तो हात.

पुढच्या किटल्या मोजल्या गेल्या. दुसरी थोडी कमी, तिसरीपासून सगळ्या ठीक. साहजिकच होतं, नळीतून दूध जाऊन पाणी संपलं होतं. पण गावाला दिसलं ते एवढंच, की सगळ्यांचं दूध चांगलं आणि एकीचंच पाण्याचं. मावशींनी रिकामी किटली नळावर विसळली, रोज विसळायच्या तशी, आणि रस्ता ओलांडून घरी गेल्या. त्यांचं दूध कॅनमध्ये सगळ्यांच्या दुधात मिसळून गेलं होतं. परत मोजायचं म्हटलं तरी मोजणार कशावर?

दुपारी मी जेवायला जाणार नव्हतो. त्यांनीच दारातून हाक मारली. ताट वाढलेलं होतं. मी पाटावर बसलो पण घास उचलवेना.

"मावशी, ते पाणी मशीनमधलं होतं."

"मला कशाला सांगतो?" त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "माझ्या दुधात पाणी न्हाई, ते मला म्हाईत हाय. त्यांला सांग."

"सांगितलं. ओरडून सांगितलं."

"ऐकलं मी." परातीवर हात जरा जोरात आपटले. "मालकाला भोकरदनला कळलं असंल एव्हाना. त्या रस्त्यानं धा माणसं गेल्ती. आता मी बाजारात ताक घेऊन बसले तरी लोक म्हणतील, पाणीवाली. जेव तू."

मी जेवलो. 

शेठजी त्या रात्री आबांकडं मुक्कामाला होते. रोजचं संकलन एकदा बघून निघायचं ठरलं होतं. सकाळी मी उठून मशीन धुतलं. रोज धुवावंच लागतं, नाहीतर दूध आंबतं. रांग लागली. आज पाहुणा नव्हता, रीत परत रीतीवर आली, पहिली किटली आबांची. मावशी रांगेत शेवटी उभ्या होत्या.

मी आबांना म्हटलं, "आधी थोडं दूध ओढून फेकू. मशीन आत्ताच धुतलंय."

"आता काय राह्यलं? काल झालं ना उष्टं?" ते म्हणाले आणि किटली ठेवली.

मी अजून एकदा म्हटलं. शेठजींनीही ऐकलं.  मी वाटी मशीनखाली सरकवली.

लाल आकडा लागला. तीन आणि वर काहीतरी.

कुणी हसलं नाही.  काल ज्यानं 'मंग बरोबर हाय' म्हटलं होतं तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता. आबांनी बोर्ड बघितला, मशीन बघितलं, मग शेठजींकडं वळले.

"शेठ, तुमचं मशीन बिघडलं."

"बिघडलंच म्हणायचं," रांगेतला कुणीतरी लगेच म्हणाला. "इलेक्ट्रिकची वस्तू हाय."

तेव्हा मागून मावशींचा आवाज आला. मोठा नाही. "आबा, काल न्हाई बिघडलं ते?"

"काल येगळं होतं."

"काय येगळं? आकडा तर तोच हाय. मला वाचता येत न्हाई, पण लाल चित्र कालचंच दिसून राह्यलं." त्या पुढं आल्या. "कालचा आकडा खरा असंल तर तुमच्या किटलीतबी पाणी हाय. आजचा खोटा असंल तर माझ्या किटलीत नव्हतं. दोन्हीतलं एक सांगा." मग माझ्याकडं वळल्या. "तू सांग बाबा. मशीन बिघडलंय का?"

शेठजी माझ्याकडं बघत होते. मला पोटमाळा आठवला, भाभीजींचं ताट आठवलं. हो म्हटलं असतं तर आबा खूश, शेठजी खूश, मशीन कंपनीकडं जाऊन आलं असतं, आणि मावशी 'कदाचित' म्हणून सुटल्या असत्या. पण 'कदाचित'वर कुणी बाजारात बसत नाही. 

"नाही मावशी," मी म्हटलं. "मशीन काल बिघडलेलं नव्हतं, आजपण नाही. धुतल्यावर नळीत पाणी राहतं. पहिला जो येतो त्याच्या दुधात ते मिसळतं. काल तुम्ही पहिल्या होतात, आज आबा. मी आधीच सांगितलं होतं. आबांना सांगितलं होतं, शेठजींना सांगितलं होतं."

शेठजींचं नाव घ्यायची गरज नव्हती. पण घेतलं. आणि आज परत ती वेळ आली तरी घेईन.

आबांच्या दुधाची वाटी भरलेलीच होती. मी ती परत लावली. आकडा पाचावर आला. परत लावली. सातच्या जवळ. आबांचा चेहरा सैल झाला. "हां, आता बराबर. छाप ही चिठ्ठी. मघाची फाड." मी छापली. मघाची फाडली.

"आणि मावशींची?" मी विचारलं.

"तिचं दूध कालच शहराला गेलं. आता कशावर मोजतो?" आबा म्हणाले. "जाऊ दे. कालचं काल झालं. चला, पुढचा घ्या."

पुढचा आला. रांग सरकली. कुणीतरी, एकानं तरी, म्हणावं की बाई, काल आम्ही हसलो ते चुकलं. नाही. मी मांडवातला माईक शोधत होतो, खरंच. तो भाड्याचा होता, रात्रीच परत गेला होता. बदनामी माईकवरून झाली होती आणि निकाल लागला तो दूध ओतायच्या आवाजात.

परतीला शेठजींनी जीप हसनाबादपर्यंत कुठं थांबवली नाही. मी मनात बोचकं बांधून ठेवलं होतं. आता हे मला स्टेशनवर उतरवणार. चहाच्या हॉटेलापाशी त्यांनी गाडी थांबवली, पण उतरले नाहीत.

"उद्या मंठ्याला सेट बसवायचाय," ते समोर काचेकडं बघत म्हणाले. "तिथं आधी दूध पाज. मग पूजा. कुणी काही बोललं तर मेरा नाम ले."

"आणि तिकडं, शेठजी? मावशींना कोण सांगणार?"

त्यांनी गाडी सुरू केली.

त्यांनी मला काढलं नाही. पुढं माझं लग्न लावून दिलं, घर बघून दिलं. मंठ्याला, भोकरदनला, जिथं जिथं सेट बसवले तिथं आधी मी मशीनला दूध पाजलं आणि लोक 'उष्टं केलं' म्हणून ओरडले की शेठजी स्वतः भांडले. त्यांचे उपकार माझ्या डोक्यावर आहेत आणि राहतील. पण जीपच्या काचा बंद करून मला जे म्हणाले ते त्या रांगेसमोर त्यांनी म्हटलं नाही. पुढं शेठजी वारले, पण हा राग त्यांच्याबरोबर गेला नाही. तो माझ्याकडंच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच डेअरीत प्रिंटर दुरुस्त करायला गेलो. सकाळची वेळ. आबा कुठं परगावी गेले होते, त्यामुळं रांगेत मावशींचीच किटली पहिली होती. डेअरीतल्या माणसानं मशीन धुतलं, तांब्याभर दूध ओढून बादलीत टाकलं, सगळं पुस्तकाप्रमाणं केलं. मग म्हणाला, "या मावशी."

मावशींनी किटली उचलली आणि बाजूला ठेवली. मागच्या बाईला म्हणाल्या, "तू घाल आधी."

मी काम टाकून बाहेर आलो. "मावशी, आता भीती नाही. आता पहिलं दूध फेकून देतात. मी डोळ्यांनी बघितलं."

"देतेत ना? देऊ दे की," त्या म्हणाल्या, बोर्डाकडं न बघता. "जेवायला ये दुपारी. ठेचा केलाय." आणि परत त्या बाईला, "घाल तू. मी थांबते."